नडगीचं दुखणं आणि सक्तीची विश्रांती
सोलापुरात कंबर तलावाच्या बाजूनं रोज पहाटे पळायचो. महिन्याभरात 3 वरून 8 किलोमीटरवर गेलो, तेही डांबरी रस्त्यावर, आणि डाव्या नडगीला आतल्या बाजूनं ठणका लागला. बाम चोळून तसाच पळत राहिलो, ती खरी चूक. पुढं जिना उतरतानाही कळ यायला लागली.

फिजिओथेरपिस्टनं नडगीवरून अंगठा दाबत नेला. वीतभर पट्टा दुखत होता. एकाच ठिकाणी बोट ठेवता येईल असं दुखलं, तर हाडाला बारीक चीर असल्याची शंका घेतात, तपासणी करावी लागते. हा फरक पळणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवा.

3 आठवडे पळणं पूर्ण बंद. पहिले चार दिवस फार जड गेले. साडेपाचला डोळे उघडायचेच. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा वर-खाली करायचो, पिंढरी पेटेपर्यंत.

चालताना अजिबात दुखेना, तेव्हाच मातीच्या मैदानावर सुरुवात केली: 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी दाबून बघायची. दुखली तर वाढवायचं नाही.

सहाव्या आठवड्यात 3 किलोमीटर सलग पळालो.