‘फॉर्मात असणे’ आणि ‘सूर गवसणे’: कोणता प्रयोग कुठे करावा

खेळाडूची कामगिरी बहरात असली की मराठीत तो ‘फॉर्मात आहे’ असे म्हणतात किंवा त्याला ‘सूर गवसला’ असे लिहितात. क्रीडापानांवर हे दोन्ही वाक्प्रचार बऱ्याचदा एकमेकांच्या जागी येतात. परंतु त्यांतला फरक खेळाडूच्या आधीच्या काळाशी जोडलेला आहे, आणि तो पाळला नाही तर वाचकाला चुकीचा इतिहास सांगितला जातो.

‘फॉर्मात असणे’ म्हणजे काही काळ टिकून राहिलेली अवस्था. सुनील गावसकर यांनी १९७१ मध्ये वेस्ट इंडिजमधील आपल्या पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा केल्या. ब्रिजटाऊनला पहिल्या डावात ते अवघी एक धाव काढून बाद झाले, पण त्याच सामन्यात त्यांनी नाबाद ११७ आणि पुढच्या पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत १२४ व २२० धावा केल्या, म्हणजेच एका अपयशाने फॉर्म गेला असे म्हणता येत नाही. उलट, एरवी लवकर बाद होणाऱ्या तळाच्या फलंदाजाने एखाद्या दिवशी अर्धशतक ठोकले तर ‘आज चांगला खेळला’ एवढेच लिहावे.

गावसकरांना त्या मालिकेत ‘सूर गवसला’ असे मात्र लिहू नये, कारण जे हरवले आहे किंवा ज्याचा शोध चालू आहे, तेच गवसते. या प्रयोगाचे चोख उदाहरण सचिन तेंडुलकर यांचे आहे. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्यांचे कसोटीतील पहिले पाच डाव ०, १, ३७, ० आणि ४४ असे होते. त्यानंतर सिडनीला, यष्टीबाहेरच्या चेंडूवर कव्हर ड्राइव्हचा मोह कटाक्षाने टाळत, त्यांनी नाबाद २४१ धावा उभारल्या. येथे ‘सिडनीत सचिनला सूर गवसला’ हे वाक्य शंभर टक्के योग्य ठरते.

रचनेकडेही लक्ष द्यावे. ‘तो फॉर्मात आहे’, पण ‘त्याला सूर गवसला’. ‘तो सूर गवसला’ असे लिहिलेले वाचताना खरोखर त्रास होतो. ‘फॉर्ममध्ये’ हेही रूढ आहे, तरी मला ‘फॉर्मात’ अधिक मराठी वाटते. गोलंदाजासाठी ‘लय सापडली’ हा प्रयोग जास्त शोभतो, कारण त्याच्या धावण्याला आणि चेंडू सोडण्याला खरोखरच एक लय असते.

खेळाबाहेर ‘आज आजोबा भलतेच फॉर्मात आहेत’ असे आपण घरात सहज बोलतो, आणि तिथे हा प्रयोग एका संध्याकाळपुरताही चालतो. गायकाच्या मैफलीविषयी लिहिताना मात्र ‘सूर गवसला’ जपून वापरावे: वाचक ते शब्दशः घेतील आणि बुवा आधी बेसूर होते, असा अर्थ निघेल.