कर्नाळा एका दिवसात: वेळ, पाणी आणि आग्यामोहोळ

पनवेल सोडून मुंबई-गोवा महामार्गाला लागलं की थोड्याच वेळात अंगठा वर केल्यासारखा एक सुळका दिसायला लागतो. तो कर्नाळा किल्ला. रस्त्याला लागूनच पक्षी अभयारण्याचं फाटक, तिथून वर जाणारी चांगली मळलेली वाट आणि उंची समुद्रसपाटीपासून साधारण ४४० मीटर. ऐकायला सगळं सोपं, आणि लोक फसतात ते इथेच. भरपेट नाश्ता करून दहाच्या सुमारास फाटकाशी उतरायचं, माणशी एक लिटरची बाटली घ्यायची आणि निघायचं. अशी मंडळी अकरा वाजता वाटेतल्या दगडांवर बसून बाटलीच्या तळाशी किती उरलंय ते बघत असतात.

चढ बेताचाच आहे, पण हवा दमट. पुण्या-नाशकाकडच्या डोंगरांवर घाम वाळतो आणि अंग गार होतं. इथे खाडी जवळ, त्यात आजूबाजूला दाट झाडी, वारा नाही. घाम नुसता ओघळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. म्हणून कर्नाळ्याचं सगळं नियोजन एकाच गोष्टीवर बेतायचं: ऊन तापायच्या आत वर पोचणं आणि बाराच्या आसपास खाली असणं.

कधी जावं

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी हा सगळ्यात बरा काळ. सकाळी गारवा असतो, वाट कोरडी असते आणि वरून प्रबळगड, माणिकगड, माथेरानची रांग दिसण्याइतकी हवा बऱ्याचदा स्वच्छ असते. ऑक्टोबर फसवा. उकाडा असतोच, शिवाय परतीचा पाऊस दुपारनंतर विजा घेऊन येतो. उघड्या माथ्यावर उभ्या सुळक्याच्या पायथ्याशी विजेच्या वेळी असणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. मार्चनंतर जायचंच असेल तर फाटक उघडताना तिथे हजर असाल तरच जा. एप्रिल-मे सोडून द्या.

पावसाळ्यात गड देखणा होतो, पण कातळावर आणि पायऱ्यांवर शेवाळ चढतं. धुक्यात पक्षी दिसत नाहीत आणि कडेही दिसत नाहीत. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही गड आणि धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतं, तेव्हा आदल्या दिवशी बातम्या बघून घ्या. पहिल्यांदाच डोंगर चढणाऱ्यांना घेऊन जुलैत जाऊ नका, एवढं पुरे.

शक्य असेल तर रविवार टाळा. गर्दी झाली की पायऱ्यांवर खोळंबा होतो, आरडाओरडा वाढतो आणि आरडाओरड्याचा संबंध पुढे येणाऱ्या आग्यामोहोळाशी आहे.

पोचायचं कसं

पनवेल स्टेशनपासून एसटी स्टँड चालत जाण्यासारखा आहे, सकाळी घाई असेल तर रिक्षा करा. पेण, अलिबाग, रोहा, महाड या बाजूच्या गाड्या कर्नाळ्यावरूनच जातात, पण विनाथांबा गाडी थांबत नाही. चढायच्या आधी कंडक्टरला विचारा, "कर्नाळा अभयारण्याला थांबणार ना?" आणि सीटवर बसल्यावर डुलकी घेऊ नका, अंतर बारा-तेरा किलोमीटरच आहे. स्वतःची गाडी असेल तर पळस्पे फाट्यावरून महामार्गाला वळायचं. वाटेत शिरढोण लागतं, ते वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. थांबायचंच असेल तर परतीला थांबा, सकाळचा अर्धा तास फार महाग असतो.

जाताना किंवा येताना एकदा तरी महामार्ग ओलांडावा लागतो. तिथे वळण आहे, गाड्या वेगात असतात. दहा जणांनी हात धरून रांगेने जाण्यापेक्षा दोन-दोन जणांनी दोन्हीकडे बघून पार व्हावं.

फाटकावर प्रवेश शुल्क भरायचं, नाव नोंदवायचं. वनखात्याचे लोक पिशव्या तपासतात, प्लास्टिकच्या बाटल्या मोजतात आणि त्यावर अनामत घेतात. परत येताना तेवढ्याच बाटल्या दाखवल्या की पैसे परत. स्टीलच्या किंवा जाड, पुन्हा वापरायच्या बाटल्या नेल्या तर हा व्याप बराच कमी होतो. सुटे पैसे जवळ ठेवा.

काय न्यायचं

पाणी माणशी तीन लिटर, उन्हाळ्याकडे झुकणारे दिवस असतील तर साडेतीन. वर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेली टाकी आहेत, त्यात पाणी असतंही, पण ते पिण्याच्या भरवशावर जाऊ नका. तीनपैकी एक बाटली आदल्या रात्री अर्धीच भरून आडवी ठेवून गोठवा आणि सकाळी वरून पाणी घाला. काठोकाठ भरून गोठवली तर बाटली फुटते आणि वितळेपर्यंत तिचा उपयोग शून्य.

नुसतं पाणी पीत राहिलं की दोन तासांनी मळमळतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात, कारण मीठ गेलेलं असतं. ओआरएसचं एक पाकीट एक लिटरमध्ये, पूर्ण. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं तर ते फार तीव्र होतं आणि तहान उलट वाढते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. कोकणात राहणाऱ्यांना कोकमाचं आगळ सांगायला नकोच. पाणी, साखर आणि मीठ घालून नेलं तर मुलं तक्रार न करता पितात.

खायला हलकं आणि कोरडं: दशमी, थालीपीठ, खजूर, चिक्की, केळी. रश्शाचं काही नको. माकडं असतात आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज लांबून कळतो, म्हणून डबा बंद आणि सॅकच्या आत. हातात पिशवी घेऊन चालणाऱ्याची पिशवी जाते. हिसकायला आलं तर ओढाताण करू नका, सोडून द्या.

बूट खोल नक्षीच्या तळव्याचे. चालून गुळगुळीत झालेले स्पोर्ट्स शूज घसाऱ्यावर सुटतात आणि उतरताना माणूस सरळ बुडावर आपटतो. नवेकोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. पायाची नखं आदल्या रात्री कापा, नाहीतर उताराला बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. पूर्ण पँट, पूर्ण बाह्या. हिवाळ्यात झाडीत खाजकुइलीच्या शेंगा पिकलेल्या असतात आणि वाऱ्याने तिची कुसं उडतात. लागली तर चोळायचं नाही. चिकटपट्टी दाबून ओढली की बरीच निघतात, मग पाण्याने धुवा.

याशिवाय टोपी, शिट्टी, छोटा टॉर्च, प्रथमोपचार, आपली औषधं आणि माणशी एक जाड मोठी ओढणी किंवा चादर. ती कशासाठी ते पुढे. अत्तर, डिओ, सुगंधी तेल घरी ठेवून या.

वाट

साडेसहा-सातला फाटकाशी असाल तर नऊच्या आत वर पोचता. थांबेथांबे धरून चढायला दीड ते दोन तास, उतरायला सव्वा ते दीड. हे बऱ्यापैकी चालणाऱ्यांचं गणित झालं. गटात लहान मुलं किंवा पन्नाशीपुढचे असतील तर चढाला अर्धा तास जास्त धरा. वेळ ठरते ती गटातल्या सगळ्यात हळू माणसावर, म्हणून त्याला पुढे चालू द्या. बॅकलीड म्हणून वाट माहीत असलेला एकजण शेवटी, आणि त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही.

सुरुवातीचा रस्ता सपाट, अभयारण्यातला. इथून हरियाल आणि मोरटाका या निसर्गवाटाही आहेत. ज्यांना गड झेपणार नाही त्यांना तिकडे पाठवा, पक्षी तर तिथेच जास्त शांतपणे बघता येतात. गडाची पाटी आली की चढ सुरू होतो आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं तोच जास्त दमवतो. दगड आणि झाडांची मुळं, त्यातून उभी वाट. सगळे इथेच जोरात निघतात. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, एवढाच वेग ठेवा. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे.

डोंगराच्या सोंडेवर आलात की चढ सौम्य होतो आणि झाडीतून मधेच सुळका दिसतो. वाट मळलेली आहे तरी बाजूला ढोरवाटा फुटतात. खूण सोपी: गडाची वाट रुंद, दगड झिजलेले. पाच मिनिटं चालूनही झुडपं अंगाला लागत असतील तर तुम्ही चुकलात, शेवटच्या ठळक फाट्यापर्यंत मागे या. शॉर्टकट मारून खाली घुसणं हा इथला जुना रोग आहे. जिथे हात टेकायचा तिथे आधी बघा, कपारीत हात घालू नका, फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, दगडाच्या रंगात मिसळून बसतं. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही. तो अवयव न हलवता माणसाला उचलून खाली आणा आणि सर्पदंशावरची लस असलेल्या रुग्णालयात न्या.

वर कर्णाई देवीचं देऊळ, मग पायऱ्या आणि पडके दरवाजे. पायऱ्या अरुंद आहेत, उतरणाऱ्यांना आधी वाट द्या. आत वाड्याचे अवशेष, आणि त्यामागे सुळका, पायथ्याशी टाकी आणि खोदीव कोठारं. पुरंदरच्या तहात १६६५ साली मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत हाही होता आणि १६७० मध्ये तो परत घेतला गेला. का भांडले असतील ते वर उभं राहिल्यावर कळतं: खालची खिंड आणि कोकणात उतरणारा रस्ता सगळा नजरेच्या टप्प्यात. सुळका साधारण सव्वाशे फुटी, आणि ते दोर-साहित्याचं, प्रस्तरारोहण शिकलेल्यांचं काम आहे. थोडं वर चढून फोटो काढू म्हणणाऱ्याला खाली ओढा.

आग्यामोहोळ

सुळक्याच्या कपाऱ्यांत आग्या माश्यांची पोळी असतात. खालून मान वर करून बघितलं तर कातळाला चिकटलेले काळपट, अर्धवर्तुळाकार पडदे दिसतात आणि त्यांच्या अंगावरून मधेच एक चमकती लाट सरकते. ती लाट म्हणजे माश्यांनी तुमची दखल घेतली आहे. इथून आवाज बंद. धूर, सिगरेट, उग्र वास, शिट्ट्या, पोळ्यावर भिरकावलेला दगड, अगदी जवळून उडवलेला ड्रोनसुद्धा त्यांना उठवायला पुरतो. एक माशी डसली की त्या जागी सुटणारा वास बाकीच्यांना बोलावतो, म्हणून एकाचे दहा आणि दहाचे शंभर होतात.

उठल्याच तर हात झाडू नका. झटकल्याने माशी चिरडते आणि वास आणखी पसरतो. ओढणी डोक्यावरून, तोंड आणि मान झाकून घ्या आणि आलात त्याच वाटेने, पायऱ्यांना धरून, लवकरात लवकर लांब जा. झाडीत शिरेपर्यंत थांबू नका. कड्याच्या बाजूला मात्र धावायचं नाही. पाय कुठे पडतोय ते दिसत नसेल तर चादरीखाली गोळा होऊन बसा आणि सरकत सरकत निघा. माश्यांच्या दंशापेक्षा गडावरून पडणं महागात पडतं. सुरक्षित जागी आल्यावर काटे काढा, जमेल तितक्या लवकर, नखाने खरवडून. काट्याबरोबर आलेली विषाची पिशवी आत विष सोडतच असते. ओठ-जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, चक्कर आली किंवा दंश पंधरा-वीसच्या वर असतील तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि माणसाला खाली आणायला लागा. ज्यांना मधमाशीची ॲलर्जी आहे हे माहीत आहे त्यांनी सुळक्याच्या पायथ्याला जाऊच नये, देवीच्या देवळापर्यंतचा गडही चांगला आहे.

उतरताना

वर तासाभरापेक्षा जास्त रेंगाळू नका. सव्वादहा ही परतीची वेळ निघतानाच ठरवा आणि वर पोचला नसलात तरी सव्वादहाला वळा. त्या वेळी गटात नेमका कोणीतरी "आता एवढ्या जवळ आलोच आहोत" म्हणणारा निघतो. त्याच्याकडे पाणी किती उरलंय ते विचारा. एक लिटरच्या खाली असेल तर चर्चा संपली.

उताराला पाय आडवे टाका, गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं. घसाऱ्यावर मोठं पाऊल टाकलं की टाच सुटते. झाडाची बारीक फांदी धरून उतरू नका, ती वाळकी असली तर हातात येते. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, कोणी एकदम गप्प झाला किंवा असंबद्ध बोलायला लागला तर त्याला तिथेच सावलीत बसवा, कपडे सैल करा, मानेवर आणि काखेत ओलं फडकं ठेवून वारा घाला. बोलण्यात गडबड आणि अंग तापलेलं हे दोन्ही एकत्र दिसलं तर तो उष्माघात समजा आणि पुन्हा १०८.

कचरा, केळीच्या सालींसकट, खाली. फाटकावर बाटल्या मोजून अनामत घ्या, नोंदवहीत परत आल्याची खूण झाली का ते बघा. नाव उघडं राहिलं तर संध्याकाळी वनखात्याची माणसं तुम्हाला शोधत बसतात. पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या दुपारी मागूनच भरून येतात, हात दाखवला तरी एखाददुसरी थांबणार नाही, तेव्हा स्टेशनवरची लोकल धरताना तासभर हाताशी ठेवा. रिकामी होत आलेली शेवटची बाटली एसटीच्या वाटेवर उभं राहण्यासाठी शिल्लक ठेवा, तिथे सावली नसते.