जुन्या टर्बो डिझेल गाडीचा एअर फिल्टरचा डबा फुटला, तर दुसरा कसा शोधायचा

जुन्या डिझेल गाडीचा एअर फिल्टरचा डबा अपघातात क्वचित फुटतो. तो फुटतो सर्व्हिसिंगला. दहा-बारा उन्हाळे बॉनेटखाली काढलेलं प्लास्टिक कडक झालेलं असतं. बाहेर 45 अंश, आत त्याहून किती तरी जास्त. मिस्त्री क्लिपखाली स्क्रू-ड्रायव्हर घालतो, टक्‌ आवाज येतो आणि क्लिपची खाच हातात येते. मग कोणी बांधायची तार गुंडाळतं, कोणी टायर-ट्यूबची पट्टी ओढून बांधतं, आणि गाडी तशीच दोन वर्षं चालते. दुसरं कारण उंदीर. सोयाबीन निघाल्यावर गोठ्याशेजारी, कुटाराच्या ढिगाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत त्यांना आयतं घर मिळतं. फिल्टरचा कागद कुरतडतात, सरकी आणि कापूस आणून डब्यातच बिछाना करतात.

डबा शोधायला निघण्याआधी तडा कुठे आहे ते नीट पाहा, कारण सगळे तडे सारखे नसतात. फिल्टरच्या अलीकडचा भाग, म्हणजे बाहेरून हवा येते ती बाजू, मळकी. तिथे तडा असेल तर बॉनेटखालची गरम हवा आत जाते, पावसाचं पाणी शिरू शकतं, पण धूळ तरी फिल्टरवर अडते. अशा तड्यावर बाहेरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावून महिनाभर शांतपणे शोधाशोध करता येते. फिल्टरच्या पलीकडची बाजू स्वच्छ. तिथला तडा, तुटलेली क्लिप किंवा वाकलेली कड म्हणजे धूळ सरळ टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्यात. टर्बोचं पातं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. गिट्टीखदानीच्या रस्त्यावरची किंवा वणी-घुग्घुसकडची कोळशाची बारीक धूळ त्याच्या कडा घासून टाकते आणि पुढे जाऊन पिस्टन रिंगा खाते. इंजिन ऑइल पिऊ लागलं की काम डब्यापुरतं राहत नाही.

ओळखायची सोपी रीत आहे. डबा आणि टर्बोमधला रबरी पाइप डब्याकडून काढा आणि पांढरं कोरडं फडकं बोटाला गुंडाळून पाइपच्या आत फिरवा. फडक्यावर तेलाचा पातळ तपकिरी डाग आला तर घाबरू नका. इंजिनाच्या ब्रीदरची (आतली वाफ सोडणारी) नळी या पाइपला जोडलेली असते आणि थोडा तेलाचा ओलावा तिथे येतोच. पण बोटांत चोळल्यावर कचकच लागली, किंवा तेल आणि मातीचा काळा लगदा निघाला, तर धूळ फिल्टर चुकवून जाते आहे. मग डबा बदलेपर्यंत गाडी उभी ठेवलेली बरी.

डब्याचा चिकटवाचिकटवीचा प्रयोग बहुतेक वेळा फसतो, त्याचं कारण डब्यावरच लिहिलेलं असतं. आतल्या बाजूला बाणांच्या दोन टोकांमध्ये इंग्रजीत 'पीपी-टी20' असं काही कोरलेलं दिसेल. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, टी20 म्हणजे त्यात 20 टक्के टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी). या प्लास्टिकवर एम-सील, अरल्डाइट, फेविक्विक काहीच धड धरत नाही. लावलं त्या दिवशी घट्ट वाटतं, आठवड्यात खपली निघते, आणि ती खपली स्वच्छ बाजूला सुटली तर टर्बोत जाते. पीपीची कांडी वितळवून प्लास्टिक वेल्डिंग करणारा कारागीर मिळाला तर मळकी बाजू आणि डबा गाडीला बसवायचे तुटलेले कान दुरुस्त होतात. फिल्टरचं रबर जिथे बसतं ती कड मात्र वेल्डिंगनं सपाट राहत नाही. तिथे सिलिकॉन भरणं तर सगळ्यात वाईट.

आता शोधाचं. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते एका गैरसमजामुळे: इंजिन एक म्हणजे डबा एक. तसं नसतं. डबा इंजिनाचा नसतो, गाडीचा असतो. फिएटचं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन घ्या. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एसएक्स4, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, अगदी शेव्हरोले सेलमध्येही ते बसलं. पण प्रत्येक गाडीत बॉनेटखालची जागा वेगळी, बॅटरी वेगळ्या कोपऱ्यात, हवा घेणारं नळकांडं वेगळ्या दिशेला. त्यातही 75 आणि 90 अश्वशक्तीचे प्रकार आहेत, त्यांचे टर्बो वेगळे. 'मल्टिजेटचा डबा द्या' म्हणून मागितलेला डबा घरी येऊन बसतच नाही.

सेकंडहँड घेतलेल्या गाडीत आणखी एक मेख असते. पुणे, मुंबई, सोलापूर धरून 13 शहरांत बीएस-4 (गाड्यांच्या धुराचा नियम) हे 1 एप्रिल 2010 ला लागू झालं. देशभर ते यायला एप्रिल 2017 उजाडलं. म्हणजे 2012 सालची पुण्यात पासिंग झालेली गाडी आणि त्याच साली यवतमाळात पासिंग झालेली तीच गाडी वेगळ्या नियमांची असू शकते, आणि त्याबरोबर सेन्सर नि हवेचे पाइपही. एमएच-12 किंवा एमएच-14 नंबर असेल तर काउंटरवर हे आवर्जून सांगा.

म्हणून पहिलं हत्यार चेसिस नंबर. तो 17 अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. आरसीवर तसं काही वाटलं तर ते एक किंवा शून्य आहे. हा नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरला जा. तिथला माणूस संगणकावरच्या कॅटलॉगमधून नेमका पार्ट नंबर काढून देतो. दोन गोष्टी विचारा. एक, जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर आला आहे का. आला असेल तर दोन्ही लिहून घ्या, कारण बाजारात कुणाकडे जुन्या नंबराचा माल पडून असतो. दुसरं, झाकण, खालचा भाग, क्लिपा आणि रबरी बुश सुटे मिळतात का. क्लिप तुटली म्हणून अख्खी असेंब्ली घेण्याची गरज पुष्कळदा नसते.

डब्यावरचे आकडे वाचताना फसू नका. 'पीपी-टी20' हा प्लास्टिकचा प्रकार, पार्ट नंबर नव्हे. घड्याळासारखं गोल चिन्ह, मधे बाण, हा साच्यातून निघाल्याचा महिना-साल. मान-हुमेल किंवा माले यांचं नाव नि नंबर दिसला तर तो डबा बनवणाऱ्याचा. गाडीच्या कंपनीच्या काउंटरला तो बहुधा चालत नाही, ऑनलाइन शोधात मात्र कामी येतो. गाडीच्या कंपनीचा नंबर साधारणपणे तिच्या चिन्हाजवळ असतो. माती पुसून, टॉर्च तिरकी धरून फोटो काढा, उठावाची अक्षरं सावलीत स्पष्ट दिसतात.

काउंटरवर 'बंद झालं' असं उत्तर आलं तर? शेव्हरोलेनं 2017 अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डनं 2021 ला भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, मल्टिजेट तर बीएस-6 आल्यावर 2020 ला संपलं. अशा गाड्यांसाठी तालुक्याच्या दुकानात वेळ घालवू नका, तिथे फिल्टर मिळेल, डबा नाही. नव्या मालासाठी पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं काश्मिरी गेट किंवा बूडमोसारखी ऑनलाइन दुकानं. वापरलेल्यासाठी नागपूरचे कबाडी, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी. दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या बंदीमुळे तिकडे अशा गाड्या लवकर भंगारात निघाल्या, त्यामुळे मायापुरीत इंजिनाभोवतीचं प्लास्टिक चांगल्या अवस्थेत सापडतं. ऊनही तिकडे आपल्या विदर्भासारखंच, पण गाडी कमी वर्षं तापलेली. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरला पुण्या-मुंबईचा माल रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल येतो. बिल मात्र मागाच.

फोनवर 'भाऊ, व्हिस्टाचा डबा हाय का?' एवढं विचारलं की उत्तर 'हाय ना, या' असंच येतं. त्याऐवजी जुन्या डब्याचे फोटो पाठवा: वरून पूर्ण, खालून पायांची जागा, हवा येते ते तोंड, टर्बोकडे जाणारं तोंड, हवा मोजणाऱ्या सेन्सरची बैठक, आणि कोरलेला नंबर. प्रत्येक फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा. त्याच कोनातून त्याच्या मालाचे फोटो मागा. कान तुटलेत का, क्लिपच्या खाचा शाबूत आहेत का, सेन्सरच्या स्क्रूची भोकं झिजलीत का, हे फोटोत दिसल्याशिवाय पैसे पाठवू नका. फिल्टरचा नंबरही जुळवा. दोन डब्यांत एकच फिल्टर बसत असेल तर ते एकमेकांचे नातेवाईक असण्याची शक्यता बरीच.

सगळ्यात महत्त्वाचं माप टर्बोकडच्या तोंडाचं. व्हर्नियर (व्यास मोजायची सरकपट्टी) नसेल तर तोंडाभोवती सुतळी गुंडाळा, मोजा, 3.14 ने भागा. सुतळी 220 मिलिमीटर भरली तर व्यास 70. रबरी पाइप एखाद-दोन मिलिमीटरचा फरक सहन करतो. पण एअर फ्लो सेन्सर ज्या नळीत बसतो तिच्या आतल्या व्यासात तडजोड नाही. सेन्सर सगळी हवा मोजत नाही, मधून जाणाऱ्या वाऱ्याच्या वेगावरून अंदाज बांधतो. 70 ऐवजी 66 मिलिमीटरची नळी आली तर क्षेत्रफळ सुमारे 11 टक्के घटतं, वारा त्या प्रमाणात जास्त जोरात वाहतो आणि सेन्सर साधारण 12 टक्के जास्त हवा दाखवतो. गाडीचा कॉम्प्युटर त्या खोट्या हवेच्या भरवशावर डिझेल सोडतो आणि चढावर काळा धूर निघतो. नळी मोठी असेल तर उलट: गाडी पिकअप धरत नाही. नळीच्या तोंडावर जाळी असेल तर ती हवा सरळ करण्यासाठी आहे, वापरलेल्या डब्यातून आलेली जाळी फाटकी असेल तर तो डबा नको. सेन्सर स्वतःचा चालू असेल तर तोच वापरा, कबाडीकडचा सेन्सर डब्यासोबत विकत घेऊ नका.

डबा आला की साबणाच्या पाण्यानं धुवा आणि सावलीत दिवसभर वाळू द्या. रात्री अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून झाकण बंद करा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथे केसाएवढा तडा आहे.

बसवताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, सेन्सरचं सॉकेट त्याचा खटका दाबून ओढा, तार धरून नाही. जुना डबा निघाला की टर्बोच्या पाइपचं तोंड लगेच मोठ्या फडक्यानं बंद करा, आणि ते फडकं बाहेर लोंबतं राहू द्या. पूर्ण आत खोचलेलं फडकं विसरतं. रबरी बुश बसत नसतील तर साबणाचं पाणी लावा. ग्रीसनं रबर फुगतं. जुनी होज क्लिप गंजली असेल तर नवी घ्या. सेन्सरवरचा बाण हवेच्या दिशेनं, म्हणजे टर्बोकडे. आतल्या बारीक पट्टीला बोट लावू नका. फिल्टरचं रबर चारी बाजूंनी खाचेत बसलंय हे बोटानं फिरून पाहा, मग क्लिपा समोरासमोरच्या जोडीनं लावा. स्क्रू असतील तर हातानं, शेवटचा पाव फेरा पान्यानं. हवा घेणारं पुढचं नळकांडं बसवायचं राहू देऊ नका. ते तोंड उंचावर ठेवतं, आणि नाल्यावरच्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी न शिरण्याचं तेच कारण असतं. डब्याच्या तळाचं पाणी निघायचं भोकही मोकळं हवं.

गाडी सुरू करून जोडांजवळ पेटती उदबत्ती फिरवा. धूर कुठे आत ओढला जात असेल तर तिथे गळती आहे. गळती शोधायला कार्ब क्लीनर किंवा स्टार्टिंग स्प्रे मारू नका, डिझेल इंजिन त्याच वायूवर भडकून फेरे वाढवतं. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पांढरं फडकं बोटाला गुंडाळून पाइपमध्ये फिरवा. कचकच नसेल तर डबा नीट बसला.