विद्यार्थी चित्रपटातील संवाद स्पष्ट ऐकू यावेत म्हणून: ध्वनिमुद्रण आणि संकलन

मुंबईत विद्यार्थी चित्रपटाचे चित्रीकरण करताना संवादांचे भवितव्य बहुधा जागा निवडतानाच ठरून जाते, आणि ती जागा मात्र सहसा कॅमेऱ्याची सोय पाहून निवडलेली असते. खिडकीतून येणारा उजेड पाहून पसंत केलेली दादरची खोली रुळांपासून किती लांब आहे, वरच्या मजल्यावर लाद्या बसवण्याचे काम चालू आहे का, चाळीत पाणी किती वाजता येते आणि पंपाची मोटार कोठे आहे, हे प्रश्न ध्वनिमुद्रण करणाऱ्यानेच विचारायचे असतात. जागा पाहायला जाताना, ज्या वेळी चित्रीकरण होणार आहे त्याच वेळी जावे आणि खोलीच्या मध्यभागी माइक धरून पाच मिनिटे हेडफोनवर ऐकावे. लोकल, कावळे आणि कुकरच्या शिट्ट्या आपल्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की नुसत्या कानांना त्या जाणवतही नाहीत. माइकच्या तावडीतून मात्र त्यांतले काही सुटत नाही.

घाटकोपर-कुर्ला पट्ट्यात उतरणाऱ्या विमानांचा त्रास वेगळाच असतो. त्यांची घरघर हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते, त्यामुळे एकाच प्रसंगातील दोन शॉट जोडले की मागचा आवाज कटवर तुटतो. लांब संवादाचा प्रसंग अशा जागी ठेवूच नये. रुळांलगतच्या घरात काम करणे भाग असेल तर रविवारच्या मेगाब्लॉकचे, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकलची वाहतूक काही तास बंद ठेवण्याचे किंवा वळवण्याचे, वेळापत्रक पाहावे. हार्बर मार्गावर ज्या स्थानकांदरम्यान गाड्या बंद ठेवल्या जातात तेथे भरदिवसा काही तास निवांत मिळतात; मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर गाड्या बहुधा शेजारच्या मार्गावर वळवल्या जातात, त्यामुळे तेथे हा लाभ होत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत लाउडस्पीकरवर बंदी असली तरी सणासुदीच्या काही दिवसांत १२ वाजेपर्यंत सवलत मिळते, हे तारखा ठरवताना लक्षात ठेवावे.

खोलीत पंखा, एसी आणि फ्रिज बंद करावेत. मे महिन्यात हे सर्वांच्या जिवावर येते, म्हणून दोन टेकच्या (शॉट प्रत्येक वेळी घेतला जातो तो एक टेक) मध्ये पंखा लावावा, पण टेकमध्ये नाही. फ्रिज बंद करताना आपल्या दुचाकीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय कोणी घरी जात नाही. लाद्या आणि उघड्या भिंती असलेल्या फ्लॅटमध्ये टाळी वाजवून पाहावी. ती घुमली तर चौकटीबाहेरच्या भिंतींवर गोधड्या टांगाव्यात आणि जमिनीवर सतरंज्या अंथराव्यात. सततचा गुणगुणाट संकलनात बराच कमी करता येतो, घुमारा मात्र आवाजात एकदा मिसळला की तो निघता निघत नाही.

यानंतर सर्वांत महत्त्वाचे ते माइकचे अंतर. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, खोलीचा गोंगाट मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून कॅमेऱ्यावर बसवलेला माइक कितीही महाग असला तरी संवादासाठी तो वापरू नये. बूम, म्हणजे लांब दांड्यावर बसवलेला माइक, डोक्याच्या वर, चौकटीच्या अगदी कडेला, शक्यतो दीड-दोन फुटांवर धरून खाली तोंडाच्या दिशेने रोखावा. बूम धरणाऱ्याला संवाद पाठ हवेत, कारण पुढचा नट बोलू लागल्यावर माइक वळवला तर त्याचा पहिला शब्द गेलाच. मराठीत शेवटच्या शब्दाकडे त्याहून अधिक लक्ष द्यावे लागते. ‘मी तिला काही बोललो नव्हतो’ या वाक्याचा सारा अर्थ शेवटच्या क्रियापदावर तोललेला आहे आणि नवखे नट नेमका तोच शब्द श्वास संपल्यामुळे गिळतात. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने तेथे संकोच न करता आणखी एक टेक मागावा.

लेपल माइक, म्हणजे कपड्यांत लपवायचा छोटा माइक, लावताना कपडे आणि दागिने आधी पाहून घ्यावेत. मंगळसूत्राच्या वाट्या माइकवर आपटतात, खळ केलेली साडी प्रत्येक हालचालीला कुरकुरते आणि घामाने चिकटपट्टी सुटते. माइक छातीच्या मधोमध, हाडाजवळ, दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत धरून बसवला आणि वायरला वर छोटा फास दिला तर घासण्याचे आवाज पुष्कळ कमी होतात.

रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावा. सर्वसाधारण बोलणे रेकॉर्डरच्या मीटरवर (जेथे शून्य ही कमाल मर्यादा) उणे २० डेसिबलच्या आसपास असावे आणि ओरडणेसुद्धा उणे ६ च्या वर जाऊ नये. ३२ बिट फ्लोटच्या (खूप लहान-मोठे आवाज न फाटता साठवणाऱ्या) रेकॉर्डरमध्ये पातळी चुकली तरी सावरता येते, लांब धरलेला माइक मात्र त्यानेही जवळ येत नाही. आवाज आणि चित्र नंतर जुळवता यावे म्हणून प्रत्येक टेकला क्लॅप द्यावा. जागा सोडण्यापूर्वी सर्वांना स्तब्ध उभे करून एक मिनिट रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा आवाज, घ्यावा, आणि जी वाक्ये विमानाखाली वा हॉर्नखाली दबली ती नटांकडून तेथेच, कॅमेऱ्याविना, पुन्हा म्हणवून घ्यावीत. स्टुडिओत डबिंग करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते आणि आवाजही त्याच खोलीचा राहतो.

संकलनात प्रत्येक वाक्यासाठी शक्यतो एकच माइक निवडावा. बूम आणि लेपल एकत्र वाजवले तर आवाज पोकळ होतो. प्रत्येक पात्राचे संवाद वेगळ्या ट्रॅकवर ठेवून खाली अखंड रूम टोन पसरावा आणि जोडांवर लहान फेड (आवाज हळूहळू चढवणे-उतरवणे) द्यावेत. हाय-पास फिल्टर (ठरावीक पातळीखालचे खर्जातले आवाज गाळणारा) ८० हर्ट्झच्या आसपास लावून रहदारीची घरघर काढावी. नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करणारी सोय, बेताने वापरावे. शब्द पाण्याखालून आल्यासारखे वाटू लागले की मात्रा जास्त झाली असे समजावे. मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यातले अंतर कमी करणारा कॉम्प्रेसर दोनास एक किंवा तीनास एक या प्रमाणात पुरतो. यूट्यूबवर सुमारे उणे १४ एलयूएफएसपेक्षा (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक) मोठा आवाज आपोआप खाली आणला जातो, त्यामुळे त्यापलीकडे रेटण्यात अर्थ नाही.

पटकथा पाठ असलेल्या माणसाला प्रत्येक शब्द ऐकू आल्याचा भास होतो. म्हणून संगीत चढवल्यानंतर चित्रपट पटकथा न वाचलेल्या एखाद्या मित्राला मोबाइलच्या स्पीकरवर ऐकवावा. ‘काय म्हणाला तो?’ असे तो जेथे विचारील तेथील वेळ टिपून घ्यावी आणि आधी त्या जागचे संगीत उतरवावे. तरीही उमगले नाही, तर कॅमेऱ्याविना घेतलेले वाक्य तेथे बसवावे.