‘विश यू वेअर हिअर’ पहिल्यांदा ऐकताना

पिंक फ्लॉइड या इंग्रज बँडचा ‘विश यू वेअर हिअर’ हा अल्बम सप्टेंबर १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात ज्यांचे कान भजन, नाट्यगीत आणि ख्याल ऐकत तयार झाले आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना रॉक संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो, आणि गणेशोत्सवात डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहिलेल्या माणसाच्या मनात अशी अढी बसणे स्वाभाविकही आहे. अशा श्रोत्याने सुरुवात याच अल्बमपासून करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण हे संगीत घाई करत नाही आणि कुमार गंधर्वांच्या सुळेभावीच्या या जिल्ह्यात स्वर लागण्याची वाट पाहणे कुणाला शिकवावे लागत नाही.

आधी वेळ ठरवावी. संपूर्ण अल्बम साधारण ४४ मिनिटांचा आहे आणि तो सलगच ऐकला पाहिजे. आरंभीचा आवाज इतका हळू उमटतो की, जुलैत बेळगावचा पाऊस पत्र्यावर कोसळत असेल, तर पहिले मिनिट हाती लागतच नाही. त्या दिवसांत कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा किंवा उघडीप मिळण्याची वाट पाहावी. मोबाइलवर ऐकताना गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी ‘शफल’ सोय बंद करावी आणि दोन गाण्यांमध्ये खंड पडू न देणारी सोय सुरू ठेवावी, कारण येथे गाण्यांचे सांधे हासुद्धा संगीताचाच भाग आहे. पहिल्या वेळी शब्दांकडे मुळीच लक्ष देऊ नये.

अल्बमचा आरंभ आणि शेवट ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ या नऊ भागांच्या एकाच दीर्घ रचनेने होतो. पहिले पाच भाग सुरुवातीला आणि उरलेले चार शेवटी आहेत. प्रारंभी बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्या सिंथेसायझरखाली काचेच्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवून काढलेले स्वर मिसळलेले आहेत. घरगुती वस्तूंच्या आवाजांतूनच एक संपूर्ण अल्बम करण्याचा बेत या बँडने काही काळ आखला होता. तो सोडून दिल्यावर त्यातले हे ध्वनिमुद्रण येथे उपयोगी पडले. जी मायनर हा स्वरसंघ (कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) कितीतरी वेळ धरून ठेवलेला असतो आणि त्यावर बँडचे गिटारवादक डेव्हिड गिलमूर यांची गिटार आलापासारखी एकेक जागा घेत सावकाश पुढे सरकते. मात्र पुढे राग शोधत बसू नये. खालचे स्वरसंघ बदलू लागले की सुरावटीचा अर्थही बदलतो आणि या संगीताचे सौंदर्य नेमके त्या बदलात आहे.

साधारण चौथ्या मिनिटाला सारे शांत होऊन गिटारवर चार स्वर एकटे वाजतात. येथे थांबून ते पेटीवर वाजवून पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवीन. पांढरी पाच हा षड्ज धरला, तर ते स्वर कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत असे येतात. षड्जावर येऊन विसावा मिळाला असे वाटते न वाटते, तोच धैवत ती विश्रांती मोडतो आणि वाक्य अपुरे राहते. गिलमूर यांना सरावात सुचलेल्या या चार स्वरांतूनच पुढची रचना वाढली. गायकाचा आवाज आठ मिनिटांनंतर प्रथम येतो आणि शेवटी डिक पॅरी यांचा सॅक्सोफोन येतो, तेव्हा लय कशी बदलते ते पायाने ठेका धरून पाहावे.

‘वेलकम टू द मशीन’ आणि ‘हॅव अ सिगार’ ही दोन गाणी संगीताच्या धंद्यावर चिडून लिहिलेली आहेत. त्यांतल्या दुसऱ्याचा गायक बँडबाहेरचा, रॉय हार्पर, आहे. ती मला उरलेल्या अल्बमच्या तोडीची वाटत नाहीत, तरीही वगळू नयेत, कारण ‘हॅव अ सिगार’च्या शेवटी सगळा वाद्यमेळ एकाएकी आक्रसून लहानशा रेडिओतून आल्यासारखा होतो आणि त्यातूनच शीर्षकगीत सुरू होते.

हा सांधा जपून ऐकावा. कुणीतरी रेडिओची केंद्रे बदलत आहे, बोलणे ऐकू येते, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा तुकडा येऊन जातो आणि मग दूरवर एक गिटार वाजू लागते. सांगली, धारवाड, पणजी अशी केंद्रे लावताना मराठी, कन्नड आणि कोकणी एकाच काट्यावर ऐकलेल्या आपल्या भागातल्या माणसाला हा आवाज लगेच ओळखू येईल. थोड्या वेळाने एक खोकला ऐकू येतो आणि अगदी जवळ, जणू आपल्याच खोलीत, दुसरी गिटार त्या रेडिओतल्या गिटारीला साथ करू लागते. हेडफोनवर या दोन गिटारींमधले अंतर स्पष्ट कळते, आणि दूर गेलेल्या माणसाची उणीव शब्दांच्या आधी त्या अंतरातच ऐकू येते.

दुसऱ्यांदा ऐकताना गीतांचे शब्द समोर ठेवावेत आणि सिड बॅरेट कोण होता हे जाणून घ्यावे. बँडच्या १९६७ च्या पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणी त्याचीच होती. मानसिक स्वास्थ्य ढासळल्यामुळे १९६८ मध्ये तो बँडपासून दुरावला. बँडचे बासवादक रॉजर वॉटर्स यांनी शब्द लिहिलेली ‘शाइन ऑन’ ही रचना त्याच्याविषयी आहे. जून १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत या अल्बमचे काम चालू असताना बॅरेट अचानक तेथे आला. त्याचे वजन वाढले होते, डोक्याचे केस आणि भुवयाही काढलेल्या होत्या, आणि जुन्या सोबत्यांना तो आरंभी ओळखूच आला नाही.

हे कळल्यानंतर शेवटचा, नववा भाग निराळा वाटू लागतो. तो एकट्या राइट यांनी रचलेला आहे. तिसऱ्यांदा ऐकण्याआधी बॅरेटने लिहिलेले १९६७ चे ‘सी एमिली प्ले’ हे छोटे गाणे दोनतीन वेळा ऐकून त्याची चाल कानात मुरवावी आणि मग अल्बमच्या अखेरच्या अर्ध्या मिनिटात आवाज थोडा वाढवावा. संगीत विरत असताना राइट सिंथेसायझरवर त्याच चालीचा एक तुकडा वाजवतात.