गिझरमधला रॉड वर्षातून एकदा बघा

परवा शुक्रवार पेठेत एका काकूंचा गिझर उतरवला. तळातून पाणी ठिबकत होतं. फ्लँज, म्हणजे तळाचं बोल्टने बसवलेलं झाकण, खोलली तर अ‍ॅनोड रॉडच्या जागी नुसती तार लोंबत होती. "सहाच वर्षं झाली की हो," काकू म्हणाल्या. सहा वर्षांत तो कुणी उघडलाच नव्हता. टाकी एकदा गळायला लागली की तिला इलाज नाही, नवा गिझरच घ्यायचा. म्हणून हे लिहितोय.

हा रॉड मॅग्नेशियमचा असतो. टाकीच्या लोखंडाआधी तो स्वतः गंजतो, त्यामुळे टाकी वाचते. बोअरचं पाणी असेल तर दर वर्षी बघा, नळाचं असेल तर दीड-दोन वर्षांनी चालेल. निम्म्याहून बारीक झाला की बदला. काही शे रुपयांत मिळतो. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात घ्यायला जाताना जुना सोबत न्या, आटे जुळायला हवेत.

उघडताना आधी विजेच्या बोर्डावरचा एमसीबी (गिझरची वीज तोडणारा खटका) पाडा, नुसत्या बटणावर विसंबू नका. पाणी गार होऊ द्या. गिझरला गार पाणी देणारा खालचा अँगल कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा, मग गार पाण्याची नळी सोडा. १५ लिटरच्या गिझरचं पाणी जवळजवळ एक बादलीभर निघतं. वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. फ्लँजसोबत कॉइल आणि रॉड दोन्ही बाहेर येतात.

घरी तांब्याचा बंब असलेल्यांना आठवेल, आत पांढरा थर धरला की पाणी तापता तापत नसे. कॉइलचंही तेच होतं, शिवाय तापताना गिझर खडखडतो. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात कॉइलचा दांडा तासभर बुडवा, वायरींची टोकं कोरडी ठेवा. थर मऊ पडतो. टाकीत स्क्रू ड्रायव्हर घालून खरवडू नका, आतलं काचेसारखं अस्तर तडकतं. बंद करताना गॅस्केट नवीच घाला.

पाणी तापत नसेल तर एकदम कॉइल बदलू नका. आधी थर्मल कटआउट (पाणी फार तापलं की वीज तोडणारा खटका) पडलाय का बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. पण तो परत परत पडत असेल तर बहुतेक थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा भाग, बिघडलाय. कॉइल मल्टिमीटरने तपासा: २००० वॅटची चांगली कॉइल २६ ओहमच्या आसपास दाखवते. काहीच दाखवत नसेल तर जळाली. चालू करताच आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा खटका) पडत असेल तर बहुतेक कॉइल फुटून करंट बॉडीत उतरतोय. अशा वेळी तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. अंघोळीला ओल्या अंगाने उभं राहायचं असतं तिथे.

तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात ते चांगलंच आहे, पाणी फुगतं त्याला वाट लागते. एका घरी तिथे एम-सील भरलेलं बघितलं आणि अंगावर काटा आला. ते तोंड कधीच बुजवू नका, पातळ नळी लावून खाली सोडा.

नवा घेताना बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला १५ लिटर पुरतो, शॉवर असेल तर २५ घ्या. २००० वॅटला जवळजवळ ९ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि अर्थिंग हवंच. पेठेतल्या जुन्या घरांत भिंत मातीत बांधलेली असते, तिथे अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) धरत नाही. २५ लिटरचा गिझर भरल्यावर ३० किलोच्या वर जातो. तिथे आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावून घ्या.

बसवल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरा. नळातून हवेचे गचके थांबून धार सलग आली की मगच बटण दाबा. कोरड्या टाकीत कॉइल लगेच जळते.