बॅकअपची डिस्क झोपलेलीच राहू द्या

आषाढात म्हापशात वीज दिवसातून चारदा जाते-येते आणि आमच्या दुकानाचा लिनक्स सर्व्हर तितक्याच वेळा उठतो. उठला की एलव्हीएम (डिस्कच्या जागेचे 'व्हॉल्यूम' म्हणजे भाग पाडून सांभाळणारी लिनक्सची यंत्रणा) दिसेल तो व्हॉल्यूम आपोआप सक्रिय, म्हणजे वापरायला तयार, करतो, बॅकअपच्या डिस्कवरचासुद्धा. तशीच ती डिस्क उपसली, की मागे भुताटकी नोंदी उरतात आणि पडद्यावर आय-ओ एररची (वाचन-लेखनातल्या चुकांची) रांग लागते.

उपाय सोपा. नव्या एलव्हीएममध्ये 'व्हीजीचेंज' कमांडला 'सेटऑटोअ‍ॅक्टिव्हेशन' हा पर्याय आहे. बॅकअपच्या ग्रुपसाठी (व्हॉल्यूमच्या गटासाठी) तो 'एन', म्हणजे 'नाही', करा. ही खूण डिस्कवरच्या मेटाडेटातच (रचनेच्या नोंदीतच) बसते, म्हणून डिस्क मडगावच्या मशीनला लावली तरी तिथेही टिकते. जुन्या आवृत्तीत कॉन्फिग फाइलमधली 'ऑटो अ‍ॅक्टिव्हेशन व्हॉल्यूम लिस्ट' वापरावी लागते. तिथे जपून! यादी लिहिली की यादीबाहेरचं काहीच आपोआप उठत नाही, तेव्हा रूटचा (मूळ सिस्टमचा) ग्रुप आधी लिहा.

सक्रिय होणं म्हणजे माउंट होणं (फाइली उघडता याव्यात म्हणून जोडलं जाणं) नव्हे. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) या व्हॉल्यूमची ओळ असेल तर 'नोऑटो' (आपोआप माउंट नको) घाला, नाहीतर बूट वाट बघत अडकेल. काम झालं की आधी अनमाउंट, मग 'व्हीजीचेंज'ने ग्रुप निष्क्रिय, मगच केबलला हात.